जॉब का ओरडतो? : पातळ धातुकामातला कंप

(अड्याळ येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भंडारा शहराची पितळी भांड्यांसाठीची कीर्ती आता बरीच ओसरली आहे. पण जुन्या घरांच्या माळ्यावर गुंड, लोटे, पराती अजून सापडतात. असा एखादा पातळ लोटा हातात घेऊन त्याचा काठ बोटाने वाजवून पाहावा. तो जितका वेळ घणघणत राहतो, तितकेच त्याने आपल्या कारागिराला कातताना छळलेले असते. वाजणे आणि यंत्रावर थरथरणे हा एकाच धातूचा एकच गुण. कंप जिरवण्याची ताकद पितळेत फार थोडी, आणि पत्रा पातळ झाला की ती आणखीच अपुरी पडते.

कारागिरांना हे शास्त्राच्या आधी ठाऊक होते. देशातल्या पुष्कळ भांडे-कारागिरांनी पातळ भांडे चरकावर बसवताना लाखेचा आधार घेतला. सोनारांनी पोकळ दागिन्यावर नक्षी ठोकताना आत राळ भरली. लाख काय किंवा राळ काय, दोन्ही पोकळीत बसून भिंतीला पाठ देतात आणि घणघणाट गिळतात. पळसावर, कुसुमावर लाख पिकणाऱ्या आपल्या मुलखाला हे निराळे सांगायला नको.

आजचा विषय तोच आहे. फक्त लोट्याच्या जागी रॉकेटचे कवच, विमानाची फासळी, गिअरबॉक्सचे बीड आणि पंपाचे बुशिंग आले आहे. पवनी तालुक्यातल्या धानाच्या घरातून निघालेला मुलगा आयटीआय करतो, टर्नर किंवा मशिनिस्ट होतो आणि हिंगण्याच्या, बुटीबोरीच्या नाहीतर पुण्याकडच्या कारखान्यात लागतो. पहिल्या वर्षातच एखादा पातळ जॉब त्याच्या वाट्याला येतो. चकवर चढवला, कट दिला आणि जॉब किंचाळू लागला, की शेजारचा मिस्त्री मान न वळवता सांगतो, "आवाज मारून रायला ना बे, स्पीड कमी कर." मुलगा स्पीड कमी करतो. कधी आवाज थांबतो, कधी वाढतो. असे दोन्ही का घडते, याचे उत्तर त्याला सहसा कोणी देत नाही.

ते उत्तर शोधायला जगालाही वेळ लागला. अमेरिकेतले फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी २६ वर्षे धातू कापण्याचे प्रयोग केले आणि त्यात ८ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा किस पाडला. त्यांचा 'ऑन द आर्ट ऑफ कटिंग मेटल्स' हा प्रबंध १९०७ च्या सुमारास छापला गेला. टूलचा आकार, पोलादाची जात, वेग, फीड अशा सगळ्यांची कोष्टके आणि सूत्रे त्यात आहेत. चॅटरपाशी, म्हणजे कापताना उठणाऱ्या या कंपापाशी येताच मात्र हा आकड्यांचा माणूस हात टेकतो. मशिनिस्टपुढच्या सगळ्या कोड्यांत हे सर्वांत अंधारातले आणि नाजूक कोडे आहे, अशा अर्थाची कबुली तो देतो. कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणाऱ्या टेलरांबद्दल आक्षेप घ्यायला पुष्कळ जागा आहे. पण ही कबुली प्रामाणिक होती.

कोडे सुटले ते अर्ध्या शतकाने. १९५०-६० च्या दशकांत प्रागला यिर्झी ट्लुस्टी आणि बर्मिंगहॅमला स्टीफन टोबियास यांनी आपापल्या वाटेने एकच यंत्रणा उलगडली. कटरचा एक दात धातू कापून जातो तेव्हा जॉब किंचित हललेला असतो, त्यामुळे मागे सपाट पृष्ठ न राहता बारीक लाटा राहतात. पुढचा दात त्या लाटांवरून कापत येतो. त्याला कुठे जाड किस मिळतो, कुठे पातळ. म्हणून त्याच्यावरचे बल कमी-जास्त होते, जॉब पुन्हा हलतो आणि नव्या लाटा उठतात. कच्च्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरने पाडलेल्या खळग्यांत दुसरा ट्रॅक्टर उसळतो आणि खळगे खोल करतो, तसाच हा प्रकार. बाहेरून कोणी धक्का देत नाही. कापण्याची क्रियाच स्वतःला धक्के देत राहते.

यातून एक विचित्र वाटणारी गोष्ट निघते. जुन्या लाटा आणि नव्या लाटा एकमेकींशी जुळून पडल्या, म्हणजे चढावर चढ आणि उतारावर उतार आला, तर किसाची जाडी सगळीकडे सारखी राहते आणि कंप वाढत नाही. लाटा एकमेकींच्या मागे पडल्या की बिघडते. जुळणार की मागे पडणार, हे स्पिंडलचा वेग ठरवतो. म्हणून चॅटर घालवण्यासाठी वेग कमी करणे हा एकच मार्ग नाही. पुष्कळदा तो वाढवावा लागतो. वेग आणि कटची खोली यांचा आलेख काढला तर त्यात पाकळ्यांसारख्या कमानी दिसतात. दोन कमानींच्या मधल्या फटीत खोल कटही शांत जातो.

मग मिस्त्री चुकतो का? नेहमी नाही. वेग फार कमी असला की लाटा आखूड होतात, टूलची पाठ त्यांना घासते आणि त्या घासण्यातच कंप मरतो. पोलाद, टायटॅनियम, जुने लेथ, कमी आरपीएम या प्रांतात मिस्त्रीचा सल्ला अगदी खरा. ॲल्युमिनियमवर दहा-बारा हजार आरपीएमने चालणाऱ्या मिलिंग सेंटरवर तोच सल्ला लागू केला की फसतो. त्याचे ज्ञान खोटे नाही. ते ज्या यंत्रावर कमावले त्या यंत्रापुरते खरे आहे. प्रशिक्षण देणाऱ्यांनी हा फरक सांगायला हवा आणि तो फारसा सांगितला जात नाही, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे.

आता पातळपणाकडे येऊ.

एका बाजूने धरलेली भिंत निम्म्या जाडीची केली की तिचा ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. उंची दुप्पट केली तरी तसेच. त्याच बलाने ती आठपट वाकते. धातूही आपापला वाटा उचलतो. पोलादाच्या तुलनेत टायटॅनियमचा ताठपणा साधारण निम्मा, ॲल्युमिनियमचा एक तृतीयांश. ॲल्युमिनियम मऊ म्हणून सोपे, असे समजणारा पातळ भिंतीपाशी सापडतो. कापायला ते सोपे आहे, पण स्थिर राहायला अवघड.

हिशेबच करून पाहू. ॲल्युमिनियमची लांब भिंत, ३० मिलिमीटर उंच आणि २ मिलिमीटर जाड. तिची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १,८०० येते. तीच भिंत १ मिलिमीटरवर आणली की सुमारे ९०० उरते. चार दातांचा कटर १३,५०० आरपीएमने फिरत असेल तर सेकंदाला ९०० वेळा दात लागतो. म्हणजे रफिंगच्या वेळी जो वेग निवांत वाटला, तोच फिनिशिंगला भिंतीच्या स्वतःच्या कंपनसंख्येवर जाऊन बसतो. कमानींमधली फट याच्याच आसपास असते हे खरे, पण नेमके त्याच आकड्यावर उभे राहिले तर चॅटर नसतानाही भिंत दाताच्या तालावर झुलते आणि माप जाते. थोडे अलीकडे-पलीकडे सरकावे लागते. त्यात जॉब दर कटबरोबर हलका आणि लवचीक होत चाललेला; सकाळचा आकडा दुपारी चालत नाही. जाड जॉबला एक सेटिंग पुरते, पातळ जॉबला प्रत्येक टप्प्याचे वेगळे लागते.

महाराष्ट्रात या अडचणीचे सर्वांत भव्य रूप पाहायचे तर इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला जावे लागते. वालचंद हिराचंद यांनी उसाच्या फडांत वसवलेल्या या गावातला कारखाना साखरेची यंत्रे करता करता सत्तरच्या दशकात इस्रोच्या कामाकडे वळला. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या घन-इंधन मोटरची कवचे तिथे तयार होतात. या मोटरचा व्यास २.८ मीटर, लांबी सुमारे २० मीटर आणि पोटात जवळजवळ १३९ टन इंधन. कवच मारेजिंग पोलादाचे, आणि त्याची भिंत आठ मिलिमीटरच्या आतबाहेर. आठ मिलिमीटर हा आकडा आपल्या वर्कशॉपमध्ये पातळ वाटणार नाही. पण व्यासाला भागून पाहावे, साडेतीनशेपट भरतो. त्या प्रमाणात सहा इंची पाइप केला तर त्याची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी येईल.

असे कवच आडवे ठेवले तर स्वतःच्या वजनानेच लंबगोल होऊ पाहते. म्हणून एवढ्या व्यासाच्या कामाला उभा लेथ, म्हणजे आपल्याकडचे व्हीटीएल, सोयीचा पडतो. कवच खंडाखंडांत होते. पत्रे वळवून, वेल्ड करून नळा होतो आणि खंडांच्या टोकांना रिंगा असतात. एका रिंगेची जीभ दुसरीच्या खाचेत बसते आणि आडव्या खिळ्यांनी जखडते. तिथे थरथर चालत नाही; चॅटरने उठलेली एक लाट म्हणजे दाबाखालच्या वायूला दाखवलेली वाट. अशा जाडसर रिंगा कातणे तुलनेने सुखाचे असते, आणि आखणी करणाऱ्याची हुशारी त्यात आहे: जिथे अचूकता हवी तिथे धातू जाड ठेवायचा, जिथे वजन वाचवायचे तिथेच पातळ करायचे.

मारेजिंग पोलादाची आणखी एक मेहेरबानी आहे. ते आधी बऱ्यापैकी मऊ असते. बहुतेक कातकाम त्याच अवस्थेत उरकून मग भट्टीत सुमारे ४८० अंश सेल्सिअसला ठेवले की कडक होते, आणि त्या वेळी मापे फारच थोडी हलतात. साधे पोलाद कडक करायला तापवून पाण्यात-तेलात बुडवावे लागते. पातळ नळा अशा बुडवणीत वेडावाकडा होतो.

आपल्या जवळचे उदाहरण नागपूरचे. पुण्याच्या एआरडीई या प्रयोगशाळेने विकसित केलेल्या पिनाक रॉकेटचा व्यास २१४ मिलिमीटर. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत त्याचे काम होते. अशा रॉकेटची लांब, पातळ नळी भरीव गोळ्यातून कातत बसणे हा वेळेचा आणि धातूचा अपव्यय. म्हणून तिथे फ्लो-फॉर्मिंगची रीत वापरतात. जाड आखूड नळी मॅन्ड्रेलवर चढवायची आणि बाहेरून रोलर दाबत तिची भिंत ताणून पातळ करायची. आत मॅन्ड्रेल भरलेले असल्याने भिंतीला पाठ सतत मिळते आणि टूलच्या दातांचा तर प्रश्नच नाही. टोकाचे आटे आणि बैठका मात्र कातूनच काढाव्या लागतात. काही पातळ जॉब मुळात कापूच नयेत, हे उत्तरही कारखान्याने ध्यानात ठेवावे.

ज्यांना कापल्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट कापण्याचा क्रम. बाजारात कंपरोधक टूलहोल्डर मिळतात, महागडे कटर मिळतात, आणि विकणारे त्यांचे गुण सांगतातच. पण पातळ जॉबला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा आधार म्हणजे त्याचाच अजून न कापलेला धातू. तो शेवटपर्यंत जागेवर राहील असा बेत करणे, हे प्रस्तुत वक्त्याच्या मते या विषयातले निम्म्याहून अधिक काम आहे.

विमानाच्या फासळीतली उंच भिंत घ्या. एक बाजू वरपासून तळापर्यंत उरकायची आणि मग दुसरीकडे वळायचे, ही स्वाभाविक वाटणारी रीत इथे घातक. दुसरी बाजू कापायला घेताच भिंत मोकळी उभी असते. त्याऐवजी एका बाजूने थोडे खाली उतरायचे, मग दुसऱ्या बाजूने तेवढेच, मग पुन्हा पहिली, असे पायऱ्यापायऱ्यांनी जायचे. वरची पट्टी दोन्हीकडून फिनिश होते तेव्हा तिच्याखाली अख्खा ठोकळा असतो. एकदा खाली उतरले की वर परतायचे नाही. पायरीची उंची तिथल्या भिंतीच्या जाडीच्या साधारण आठपट ठेवण्याचा संकेत पुष्कळ ठिकाणी पाळतात. पातळ तळ असेल तर कटर मधोमध उतरवून चक्राकार बाहेर जायचे, म्हणजे कडेचा धातू शेवटपर्यंत तळाला ताणून धरतो. नळी कातायची तर आधी आतला बोअर, बाहेरची जाडी तशीच ठेवून. मग आत मॅन्ड्रेल घालून बाहेरचा कट. तो दहा हलक्या फेऱ्यांत वाटून देण्याऐवजी मोकळ्या टोकाकडून चककडे एकाच खोल फेरीत घेता आला तर टूलच्या पुढे नेहमी जाड धातू राहतो.

ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला, तेव्हापासून महाराष्ट्रात विमानाच्या अशा भागांची ओळख आहे. आता मिहानमध्ये फाल्कन विमानांचे भाग जोडले जातात. आयआयटी मुंबईतल्या एनसीएआयआर या केंद्रात बोइंग आणि केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या साह्याने टायटॅनियमसारख्या हट्टी धातूंवर काम झाले. हे ज्ञान पवईहून भंडाऱ्याच्या आयटीआयपर्यंत कोणत्या गाडीने पोहोचणार, हा प्रश्न मात्र उरतोच.

धरण्याबद्दल थोडे. तीन जबड्यांच्या चकने पातळ रिंग आवळली की ती तीन ठिकाणी दबते. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर गोल कातला जातो, डायल लावला तर काटा हलत नाही, कारागीर खूश होतो. चक सैल केला की रिंग आपल्या मूळ आकाराकडे परतते आणि बोअर तीन कोनांचा होतो. दोष टूलचा नसतो. रुंद सॉफ्ट जॉ करून, त्यांना त्याच व्यासाला बोअर करून रिंगेला जवळजवळ सगळीकडून मिठी मारली तर हा त्रास खूप कमी होतो. पोकळी भरायला मेण चालते. गरम पाण्यात वितळणारा मिश्रधातूही मिळतो. पण त्यातल्या जुन्या वुड्स मेटलमध्ये शिसे आणि कॅडमियम असते, त्याची वाफ आणि धूळ विषारी. तो बंद खोलीत चुलीवर वितळवू नये. लाख बिचारी असला अपाय करीत नाही.

हायवेवरच्या ट्रकांचे ब्रेक ड्रम कातणाऱ्या लेथवर ड्रमभोवती रबरी पट्टा आवळलेला दिसतो. काही ठिकाणी टायरची जुनी ट्यूबच गुंडाळतात. रबर ड्रमला ताठ करीत नाही, त्याचा घणघणाट जिरवते. दोन रुपयांची ही युक्ती आणि लाखो रुपयांचा कंपरोधक बोअरिंग बार एकाच तत्त्वाच्या आसपास आहेत. साध्या पोलादी बारला व्यासाच्या चौपट लांबी बाहेर काढता येते, कार्बाइडच्या बारला सहापट. पोटात जड वजन रबरावर तरंगत ठेवलेला बार दहापट आणि त्याहून लांबवर शांत चालतो. हे वजन बारच्या उलट तालात हलून त्याचा कंप स्वतः खाते.

टूलच्या बाबतीत एकच गैरसमज काढायचा आहे. जॉब नाजूक म्हणून फीड अगदी कमी ठेवतात. टूलच्या धारेची गोलाई किसाच्या जाडीहून मोठी झाली की टूल कापायचे थांबते आणि घासू लागते. मग कंपही येतो आणि पृष्ठ जळते. पातळ जॉबला धार तीक्ष्ण हवी, टोकाची गोलाई लहान हवी, बल भिंतीला ढकलणारे नसून तिच्या लांबीच्या दिशेने जाणारे हवे. फीड मात्र प्रामाणिक हवा. असमान अंतरावर दात असलेले कटरही याच लढाईतले. दात सारख्या अंतराने आले नाहीत की लाटांना दर वेळी तेवढेच मागे पडून वाढत जायला सवड मिळत नाही.

शेवटी निदानाची एक रीत, जिला खर्च नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणारी फुकट ॲप आहेत. जॉब ओरडत असताना आवाज घ्यावा. चार दातांचा कटर ६,००० आरपीएमने फिरत असेल तर दात सेकंदाला ४०० वेळा लागतो. शिखरे ४००, ८००, १,२०० अशी दिसली तर तो कापण्याचा नेहमीचा ठोका आहे. माप जात असेल तर भिंतीचा आधार किंवा कट बघावा. १०० वर शिखर असेल तर कटर वाकडा फिरतोय, होल्डर तपासावा. आणि ९५० सारखा कोणत्याच पाढ्यात न बसणारा आकडा आला तर तो चॅटर. मग ९५० ला ६० ने गुणून चाराने भागावे, १४,२५० येतात. तेवढा वेग यंत्राला झेपत नसेल तर त्याचा निम्मा, म्हणजे सुमारे ७,१००, किंवा एक तृतीयांश, म्हणजे ४,७५० च्या आसपास करून पाहावे. पहिल्याच प्रयत्नात जमेल असे नाही, पण अंधारात चाचपडणे संपते.

भंडाऱ्यात, हिंगण्यात, बुटीबोरीत लेथ-मिलिंग चालवणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला एक विनंती आहे. यंत्राशेजारी एक वही बांधून ठेवावी. जॉबची जाडी, धातू, आरपीएम, फीड, आवाजाचा आकडा आणि काय केल्यावर तो थांबला, एवढे मराठीत लिहावे. मिस्त्रीने सांगावे आणि आयटीआयहून आलेल्या मुलाने लिहून घ्यावे. अशा वह्यांतल्या नोंदी वर्षाअखेर भंडाऱ्याच्या आयटीआयकडे द्याव्यात, म्हणजे पुढच्या तुकडीला पहिला पातळ जॉब हाती येण्याआधीच त्या वाचायला मिळतील.